घरी अखंड बडबड, शाळेत एक शब्द नाही

पत्र थोडक्यात: नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका आईने लिहिलंय. मुलगी पावणेचार वर्षांची, आपण तिला चिऊ म्हणू. जूनमध्ये इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत घातली. वर्गात तीस मुलं, एक मिस, एक मावशी. आता ऑगस्ट संपत आला तरी चिऊ शाळेत एक शब्द बोलत नाही. हजेरीला 'प्रेझेंट मिस' नाही, राइम्सना तोंड उघडत नाही, डब्याचं झाकण निघालं नाही तर कोणाला सांगत नाही, तसाच परत आणते. घरी मात्र तोंडाला उसंत नाही. गोदावरीला पाणी वाढलं तेव्हा सगळे बघायला गेले होते, तर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी लागलं होतं हे ती आठवडाभर घरात सगळ्यांना सांगत होती. १५ ऑगस्टला झाशीची राणी करून नेलं, माइकसमोर गेली आणि रडायला लागली, कोणीतरी तो व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकला. पीटीएममध्ये, म्हणजे पालक-शिक्षक भेटीत, मिस म्हणाल्या की पार्टिसिपेट करत नाही, थोडं बोल्ड करा तिला, घरीपण इंग्लिश बोला. तेव्हापासून घरात इंग्लिश सुरू केलंय, सासूबाईंना सांगितलंय की तिच्याशी अहिराणी बोलू नका. सासूबाई म्हणतात आईवर गेलीये, घुमी. बाबा अंबडला कंपनीत, शिफ्ट असते, ते म्हणतात मीपण असाच होतो, होईल आपोआप. आईचे प्रश्न असे, की शाळा बदलू का, यावर्षी काढून पुढच्या वर्षी घालू का, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लावू का, आणि डिसेंबरात गॅदरिंग आहे तेव्हा परत तसंच झालं तर काय करू. आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ: 'सू आली तरी सांगत नाही, रोखून धरते, घरी आल्या आल्या बाथरूमकडे पळते, दोनदा रिक्षात झाली.'

ताई, तुम्ही शेवटी लिहिलेली ओळ मी सगळ्यात आधी घेते, कारण माझ्या मते या पत्रातला खरा तातडीचा प्रश्न तोच आहे. हजेरी, राइम्स, झाशीची राणी, हे सगळं थांबू शकतं. सू थांबू शकत नाही. साडेआठला रिक्षात बसायचं आणि पाऊण वाजता घरी यायचं म्हणजे सव्वाचार तास झाले, एवढ्या छोट्या जिवाला एवढा वेळ रोज रोज रोखून धरायला लागणं बरोबर नाही. त्याने लघवीचं इन्फेक्शन होऊ शकतं, पोट घट्ट होतं, आणि बरीच मुलं यावर स्वतःच उपाय काढतात की पाणीच प्यायचं नाही. तुम्ही आज तिची बाटली बघा, भरलेली तशीच परत येते का. येत असेल तर कारण हे असू शकतं. लघवीला जळजळ, वास, ताप, सारखं सारखं जायला लागणं असं काही दिसलं तर लगेच तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा, थांबू नका.

आता यावर करायचं काय. सोमवारी मिसना भेटायची वेळ मागून घ्या, गेटवर उभ्याउभ्या नको, मुलं गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसून. आणि त्या भेटीत फक्त हा एकच विषय काढा. 'ती बोलत का नाही' हे काढलंत की मिसना वाटणार तुम्ही तक्रार घेऊन आलात, पण 'ती चार तास सू धरून बसते, काय करता येईल' म्हटलं की कुठलीही मिस कामाला लागेल. सुचवा की मावशींनी तिला ठरलेल्या दोन वेळांना घेऊन जावं, डब्याच्या आधी एकदा आणि सुटायच्या आधी एकदा, तिला विचारायचं नाही, नुसतं बोट धरून 'चल आपण जाऊन येऊ' एवढंच, आणि एकटीला नाही, आणखी दोन-तीन मुलींबरोबर, म्हणजे सगळ्यांचं लक्ष हिच्याकडे जात नाही. मधल्या वेळेसाठी एक खूण ठरवा. बाथरूमचं चित्र असलेलं छोटं कार्ड तिच्या जागेजवळ चिकटवायचं आणि ते हातात घेऊन मिसजवळ गेलं की झालं, किंवा मिसची ओढणी ओढायची. तोंडाने सांगायची अट काढून टाका. काही शाळांत 'मे आय गो टु टॉयलेट' पूर्ण वाक्य आल्याशिवाय सोडत नाहीत, शिस्त म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला सू करायला जाण्यासाठी परक्या भाषेची परीक्षा द्यायला लागू नये, त्यात शिस्त काही नाही.

आणि त्याच दिवशी, वर्ग रिकामा असताना, चिऊला घेऊन शाळेच्या बाथरूममध्ये स्वतः जाऊन या. कडी कुठे आहे, उजेड आहे का, फ्लश जोरात आवाज करतो का, घरच्यासारखं आहे की वेगळं, पाय टेकतात का. कितीतरी मुलं लाजत नसतात, त्या अंधाऱ्या ओल्या बाथरूमला घाबरत असतात, आणि आपण त्याला स्वभाव म्हणत बसतो. तिला इलॅस्टिकची पँट किंवा फ्रॉक घाला, बटणाची जीन्स नको. युनिफॉर्मच्या स्कर्टला हुक असेल तर मिसना विचारून शिवणाऱ्याकडून इलॅस्टिक लावून घ्या. डब्याचंही तसंच, तिला स्वतःला उघडता येईल असाच डबा द्या आणि घरी दोन-चारदा उघडायला लावून बघा.

एवढं केलंत तरी तिचा शाळेतला अर्धा ताण जाईल असं मला वाटतं.

आता 'पार्टिसिपेट करत नाही' याबद्दल. तुम्ही पत्रात मधेच एक फार मोलाची गोष्ट लिहिलीये आणि पुढे निघून गेलात. ती घरी उशा रांगेत मांडते, त्यांची हजेरी घेते, मिसच्याच आवाजात 'फिंगर ऑन युअर लिप्स' म्हणते, कोणाला दम भरायचा कोणाला शाबासकी द्यायची सगळं करते, सगळ्या राइम्स हातवाऱ्यांसकट म्हणते. मग मला सांगा, ही मुलगी वर्गात नाहीये का? ती तर सगळ्यांपेक्षा जास्त वर्गात आहे. मिसच्या आवाजातला चढउतार तिने टिपलाय, कोणत्या मुलाला काय बोललं जातं तेपण टिपलंय. बघणं आणि ऐकणं हाही सहभागच असतो, फक्त तो रिपोर्टकार्डवर दिसत नाही. मी बरीच वर्षं बालवाडी घेतली, आणि कडेला बसून बघणारी मुलं दरवर्षी असतात, त्यांचा एक क्रम असतो. आधी नुसते डोळे, मग कधीतरी बोटं गाण्यावर हलायला लागतात, मग मूल अर्धा हात पुढे सरकतं, मग शेजारच्याला ढकलतं किंवा त्याचा खडू घेतं (याचा मला नेहमी आनंद व्हायचा), आणि आवाज सगळ्यात शेवटी येतो. मधल्या पायऱ्या कोणी मोजत नाही म्हणून वाटतं की काहीच होत नाहीये. तुम्ही आणि मिस मिळून त्या मोजा. या आठवड्यात ती शेजारच्या मुलीकडे बघून हसली का, तिने ब्लॉक हातात घेतले का, कोणाच्या मागे झोपाळ्यापर्यंत गेली का.

न्यूयॉर्कला अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या नवराबायकोने १९५६ पासून कितीतरी वर्षं मुलांचा जन्मापासून अभ्यास केला, त्यात त्यांना साधारण १५ टक्के मुलं अशी दिसली की जी नव्या गोष्टीला आधी मागे सरतात आणि मग आपल्या वेळाने रुळतात. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी तर चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज, नवे वास, हलणारी खेळणी देऊन बघितलं, तर साधारण पाचातलं एक बाळ खूप हातपाय झाडायचं, रडायचं, आणि अशातली बरीच मुलं पुढे नव्या माणसांत बुजायची, सगळी नाही पण बरीच. म्हणजे हे चिऊ शाळेत जायच्या कितीतरी आधीपासून तिच्यात असू शकतं. सासूबाई म्हणतात आईवर गेलीये, असेलही, बाबापण म्हणतायत की मी असाच होतो, तर दोघांवर गेली असेल. त्यात कोणाची चूक शोधायला जागाच नाहीये. तीस मुलांच्या वर्गात हिशोब केला तर अशी चार-पाच मुलं निघतील, म्हणजे तुमच्यासारखी अजून तीन-चार घरं त्याच पालकांच्या ग्रुपवर आहेत, फक्त कोणी बोलत नाही.

थॉमस आणि चेस यांचं अजून एक म्हणणं मला कायम पटत आलंय, की अडचण नुसत्या मुलाच्या स्वभावाने होत नाही, तो स्वभाव आणि आजूबाजूच्यांची अपेक्षा यांचा मेळ बसला नाही की होते. म्हणून मी चिऊला बोल्ड करायच्या मागे लागणार नाही. मी वर्ग आणि घर तिला थोडं सोपं करता येतं का ते बघेन, आणि तिला रोज थोडं थोडं पुढे जाऊ देईन. बाबांच्या 'होईल आपोआप' ला मी अर्धाच होकार देते. पुष्कळदा होतं, पण मोठ्यांनी वाट नीट केली तर लवकर होतं, आणि सगळं तिच्यासाठी आपणच करत बसलो, तिच्या वतीने सगळीकडे आपणच उत्तरं दिली, तर मूल तिथेच राहतं. ढकलायचं नाही आणि कडेवर घेऊनही फिरायचं नाही.

आता भाषा. कृपा करून घरातलं इंग्लिश आजपासून बंद करा. मिसनी चांगल्या मनाने सांगितलंय, पण सल्ला बरोबर नाही. विचार करा, चिऊला एकच जागा होती जिथे ती मोकळेपणी बोलते, ती म्हणजे घर, आणि पीटीएमनंतर तिथेही तिची भाषा काढून घेतली. आजीने तर अचानक बोलणंच कमी केलं असणार, कारण त्यांना इंग्लिश येत नाही आणि अहिराणी बोलायची बंदी. 'काय करी राहिनी?' असं रोज विचारणारी आजी एका दिवसात गप्प झाली तर लेकरू काय समजेल? सिडको, पाथर्डी फाटा, अंबड या पट्ट्यात खानदेशातून आलेली किती घरं आहेत, तिथे मुलं आजीशी अहिराणी, आईशी मराठी, टीव्हीशी हिंदी असं अगदी सहज करतात, याने मूल गोंधळत नाही. नवीन भाषेच्या वर्गात गेल्यावर मुलं काही महिने नुसतं ऐकतात, बोलत नाहीत, हे नेहमीचं आहे. घरची भाषा पक्की असली की दुसरी भाषा तिच्यावर उभी राहते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यानंतर २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा, दोन्हींत तीन ते आठ वर्षांच्या मुलांचं शिक्षण शक्यतो घरच्या भाषेत व्हावं आणि खेळातून व्हावं असंच म्हटलंय. तुमची शाळा इंग्लिश मीडियमची आहे, ठीक आहे, पण निदान 'सू आली', 'दुखतंय', 'पाणी हवंय', 'आई कधी येणार' एवढं तरी मराठीत बोललेलं चालेल असं मिसनी वर्गात उघड सांगावं, सगळ्या मुलांना. याचा फायदा फक्त चिऊला नाही.

आपल्या महाराष्ट्रात हे काम कोणी केलंय ते आठवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत यायची नाहीत, तर या बायका बालवाडीच पाड्यावर घेऊन गेल्या, मुलांच्या अंगणात, म्हणून ती अंगणवाडी. गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शंख, शिंपले, बिया, पानं हीच साधनं. मूल जिथे मोकळं असतं तिथून सुरुवात करायची, हे त्यांनी किती आधी करून दाखवलंय, आणि आपण अजून मुलाला माइकसमोर उभं करून त्याचा धीटपणा तपासतोय.

म्हणून मिसबरोबरच्या दुसऱ्या भेटीत (पहिल्या नाही, पहिली भेट फक्त सू या एका विषयासाठी) चिऊचं घरचं जग त्यांच्यापर्यंत पोचवा. त्यांना दुतोंड्या मारुतीची गोष्ट सांगा. नाशिकमध्ये कोणाला समजावून सांगायला लागत नाही, पाणी मारुतीच्या कुठे लागलं यावरच आपण पूर मोजतो. मिसनी एक दिवस साधं मारुतीचं चित्र काढून चिऊच्या शेजारी खाली बसावं आणि निळा खडू पुढे ठेवून म्हणावं, 'पाणी इथपर्यंत आलं होतं बहुतेक,' आणि मुद्दाम चुकीची, पार खाली रेघ मारावी. आणि मग गप्प बसावं. चिऊ कदाचित खडू घेऊन वर रेघ मारेल. झालं, ती वर्गात बोलली. तोंडातून शब्द निघाला नाही तरी तिने मिसना सांगितलं की नाही, तुमचं चुकलं, इथपर्यंत होतं. त्या दिवशी तेवढंच पुरे, लगेच 'अरे वा बोल ना आता' नको आणि सगळ्या वर्गाकडून टाळ्या तर अजिबात नको.

हे सदर वाचणाऱ्या बऱ्याच जणी स्वतः नर्सरी, अंगणवाडी चालवतात, त्यांच्यासाठीही दोन गोष्टी लिहिते. तीस मुलं आणि एक मिस यात प्रत्येकाकडे बघणं किती अवघड आहे याची मला पूर्ण कल्पना आहे, म्हणून वेळ लागणार नाही असंच सांगते. बुजऱ्या मुलाला प्रश्न विचारण्यापेक्षा त्याच्याजवळ बसून तो जे करतोय ते नुसतं बोलावं, 'लाल ब्लॉकवर पिवळा ठेवलास, आता हिरवा', मूल ऐकतं आणि त्याच्यावर उत्तराचं ओझं नसतं. काही दिवसांनी विचारायचंच झालं तर 'हो-नाही'चा प्रश्न नको, कारण त्याला मान हलवून काम भागतं, 'लाल हवा की निळा?' असं विचारा, दोन्ही पुढे धरा, आणि मनातल्या मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबा. आपण मोठी माणसं थांबतच नाही, दोन सेकंदात दुसरा प्रश्न किंवा उत्तर आपणच देतो. पाचापर्यंत उत्तर नाही आलं, बोट दाखवलं, तेही घ्या आणि पुढे जा. हजेरीला हात वर केला, आपल्या नावाची पट्टी फळ्यावर लावली, तरी ती हजेरीच आहे, सगळ्याच मुलांना अशी सवय लावली तर एकटं कोणी वेगळं दिसत नाही. डोळ्यात डोळे घालून बोलायचा आग्रह नको. मुलाला एखादं काम द्या, खडूंचा डबा वाटणं, झाडांना पाणी, मावशींबरोबर चटया घालणं, ज्यात बोलायला लागत नाही पण सगळ्यांत वावरायला लागतं. आणि जागा ठरवून द्या, एका शांत, प्रेमळ मुलीशेजारी, रोज तीच जागा. गोल करून 'आता तुझा नंबर, आता तुझा नंबर' हा प्रकार बुजऱ्या मुलासाठी सगळ्यात वाईट, कारण आपला नंबर येईपर्यंत ते मूल काहीच ऐकत नसतं, फक्त घाबरत असतं. त्याऐवजी सगळ्यांनी मिळून एकदम म्हणायची गाणी, त्यात नुसते ओठ हलवले तरी चालतात.

आणि मुलासमोर 'ही बोलतच नाही' असं म्हणू नका, मिसनी नाही, मावशींनी नाही, रिक्षावाल्या काकांनीही नाही. वर्गातली मुलं ते लगेच उचलतात, नवीन कोणी आलं की तीच पुढे होऊन सांगतात, 'मिस, चिऊ बोलत नाही.' मग चिऊला बोलावंसं वाटलं तरी अवघड होतं, कारण बोलली तर सगळा वर्ग वळून बघणार आणि ओरडणार की बोलली बोलली. घरातही 'घुमी' बंद. सासूबाईंशी भांडायला जाऊ नका, उलट अहिराणी परत सुरू करा म्हणून सांगायला जाल तेव्हाच सांगा, की आई, तुमच्याशी ती सगळ्यात जास्त बोलते, तर कोणी विचारलं तर 'तिला ओळख व्हायला वेळ लागतो, मग बघा कशी बोलते' असं सांगत जा. पाहुणे आले की 'काकांना गाणं म्हणून दाखव' हेही काही महिने नको. तिचे घरचे व्हिडिओ काढून मिसना दाखवायचे तर आधी तिला विचारून दाखवा. आणि तो १५ ऑगस्टचा व्हिडिओ ज्यांनी टाकला त्यांना सरळ मेसेज करून काढायला सांगा. यात भिडस्तपणा करायचं कारण नाही, रडणाऱ्या मुलाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा नसतो.

आता तुमचे पर्याय. शाळा बदलू नका, निदान आत्ता तरी नको. रुळायला वेळ लागणाऱ्या मुलीला मधेच नवीन वर्ग, नवीन मिस, नवीन रिक्षा म्हणजे परत पहिल्यापासून सुरुवात. सकाळी ती शाळेत जाताना रोज थरथरत असेल, शाळेत मारत असतील, बाथरूमसारखी साधी गोष्ट सांगूनही ऐकत नसतील, तर गोष्ट वेगळी, मग जरूर बदला आणि बदलताना फळ्यावरची रंगरंगोटी बघू नका, एका वर्गात किती मुलं आणि किती मोठी माणसं ते बघा. यावर्षी काढून पुढच्या वर्षी घालणं यानेही काही साधणार नाही, वर्ष घरात काढून तीच गोष्ट पुढच्या जूनमध्ये समोर येईल, आणि तिच्या मनात राहील की गप्प बसलं की शाळा बंद होते. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास तर नकोच. पावणेचार वर्षांच्या मुलीची पर्सनॅलिटी डेव्हलप होतच असते, त्यात अजून एक अनोळखी खोली, अजून एक अनोळखी टीचर आणि स्टेजवर उभं राहायचं, हे तिला जे जड जातंय त्याचाच दुसरा डोस होईल.

त्या क्लासच्या वेळेत आणि पैशात दुसरी गोष्ट करा. मिसना विचारा की वर्गात ती कोणाकडे जास्त बघते, कोणाजवळ सरकते. त्या एका मुलीला आणि तिच्या आईला घरी बोलवा, पहिल्यांदा तुमच्याच घरी, चिऊच्या खेळण्यांमध्ये, आजी असताना. तासभर पुरे. मग कधी दोघींना घेऊन कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, कधी जवळच्या बागेत. शाळेबाहेर एका मुलीशी बोलायला लागली की तीच मुलगी शाळेत चिऊचा आवाज बाहेर काढेल, आपण मोठे काढू शकत नाही तेवढ्या सहज. दुसरं, आठवड्यातून दोन-तीनदा दहा मिनिटं लवकर शाळेत सोडता आलं तर बघा. गर्दीने भरलेल्या वर्गात शिरणं आणि रिकाम्या वर्गात बसलेलं असताना एकेक मूल येणं यात फार फरक आहे. सोडताना निरोप छोटा आणि रोज तोच, 'डबा खा, पाऊण वाजता आई', आणि वळायचं. तिचा डोळा चुकवून निघून जाऊ नका, मग ती दिवसभर दाराकडेच बघत बसते.

अजून एक करता येतं, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी कराच. मिसची परवानगी घेऊन शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तुम्ही आणि चिऊ दोघीच खेळा, घरी जशा बोलता तशा मराठीत बोलत. तिचा आवाज त्या भिंतींमध्ये एकदा निघू दे. दोन-तीन वेळा असं झालं की मिसनी दूर टेबलाशी आपलं काम करत बसायचं, बघायचं नाही. पुढच्या वेळी जरा जवळ. मग खेळात नुसते ब्लॉक पुढे सरकवायचे. मग एखादं वाक्य. ती गप्प झाली की एक पाऊल मागे. न बोलणाऱ्या मुलांबरोबर काम करणारे तज्ज्ञसुद्धा साधारण असंच करतात, यात औषध नाही की जादू नाही, फक्त सगळ्यांना धीर लागतो.

तज्ज्ञांकडे कधी जायचं तेही स्पष्ट लिहिते, कारण 'लाजाळू आहे' म्हणून वर्षानुवर्षं थांबलेली घरंही मी बघितलीयेत. काही मुलं घरी छान बोलतात आणि शाळेत, बाहेर बोलूच शकत नाहीत, त्यांचा आवाज खरंच अडकतो, हट्ट नसतो. याला सिलेक्टिव्ह म्यूटिझम म्हणतात, आणि डॉक्टर याला भीतीच्या, अस्वस्थतेच्या त्रासांमध्ये धरतात. शाळेचा पहिला महिना यात मोजत नाहीत, आणि भाषाच नवीन असल्यामुळे मूल गप्प असेल तर तेही आधी बघावं लागतं, म्हणून चिऊबद्दल मी लांबून काही ठरवणार नाही. पण वर लिहिलेलं सगळं नीट केल्यावर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत काहीच हललं नाही, एका मुलीशी कुजबुज नाही, खुणाही नाहीत, सू धरणं चालूच, किंवा त्याआधीच ती जेवण-झोप सोडायला लागली, तर बाल मानसतज्ज्ञ किंवा विकासतज्ज्ञ बालरोग डॉक्टरांकडे जा. लवकर गेलं की लवकर सुटतं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. इतर वाचकांपैकी ज्यांचं मूल घरातही बोलत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, हवी ती गोष्ट बोट दाखवून सांगत नाही, आधी येणारे शब्द गेलेत, त्यांनी तर दिवाळीची वाट बघू नये, कान आणि विकास दोन्ही तपासून घ्या. मूल अंगणवाडीत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक तिथे तपासणीला येतं, ती मोफत असते, सेविकाताईंना तारीख विचारून त्या दिवशी स्वतः हजर राहा.

राहिलं गॅदरिंग. मिसना आत्ताच सांगून ठेवा की चिऊला एकटीला काही नको, माइक नको, ग्रुप डान्समध्ये मागच्या रांगेत, तिच्या त्या मैत्रिणीशेजारी. प्रॅक्टिसला नुसती बघत बसली तरी बसू द्या, घरी ती पूर्ण डान्स करून दाखवेल, तेव्हा तुम्ही आणि आजी तिच्याबरोबर नाचा. आधी एकदा रिकाम्या स्टेजवर नेऊन आणता आलं तर फारच छान, लाइट लावून, स्पीकर चालू करून, म्हणजे त्या दिवशी ते नवीन नसेल. आणि त्या दिवशी आयत्या वेळी नको म्हणाली तर नको, तुमच्या मांडीवर बसून बाकीच्यांचं बघेल, 'बघ सगळी कशी करतायत' असं न म्हणता. त्या संध्याकाळी तुम्ही कोणाला उत्तर देणं लागत नाही. ड्रेसचे पैसे भरून झाले असतील तर घेऊन या ड्रेस, घरी घालेल ती.